गॉडझिलाला वजन आहे, बाकीच्यांचं काय?

आडगल्ली:

आधीच सांगतो, खाली ‘कल्की २८९८ एडी’, ‘गॉडझिला मायनस वन’, ‘ड्यून’चा दुसरा भाग आणि आणखी दोन-चार सिनेमांचे स्पॉयलर आहेत. नंतर बोंबलायचं नाही.

आमच्या घरी सिनेमा मोजायचं एक माप आहे. आई. वय ७१. पडद्यावर मारामारी सुरू झाली की ती झोपते. आवाज कितीही असो, पाचव्या मिनिटाला मान कलते. जून २०२४ मध्ये तिला ‘कल्की’ला नेलं, कारण अमिताभ. सुरुवातीच्या कुरुक्षेत्राला ताठ बसली होती. मग प्रभासचे विनोद चालू झाले आणि पहिली डुलकी लागली. अमिताभचा अश्वत्थामा उठून उभा राहिला तेव्हा न उठवता जागी झाली. शेवटची हाणामारी आली, खांब मोडले, माणसं भिंतींतून आरपार गेली आणि ही पर्स मांडीवर घेऊन गाढ. मी कोपरानं ढोसलं.

“आई, संपत आलाय.”
“कोण जिंकलं?”
“कोणी नाही. पुढचा भाग येणार आहे.”
“मग मला कशाला उठवलंस?”

त्यानंतर काही दिवसांनी रात्री एकटाच लॅपटॉपवर ‘गॉडझिला मायनस वन’ लावला. सुरुंग काढणारी लाकडी बोट आहे, चार माणसं आहेत, आणि मागून पाणी फाडत गॉडझिलाचं, म्हणजे त्या अजस्र राक्षसी प्राण्याचं, डोकं येतंय. बास, एवढंच. पण मी लॅपटॉप मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला. चाळीस ओलांडलेला माणूस मी, होमलोन आहे डोक्यावर.

तेव्हापासून एकच प्रश्न छळतोय. पडद्यावरच्या काही गोष्टींना वजन असतं आणि काहींना नसतं, असं का? हा पैशाचा मामला नाही. जपानी सिनेमाचं बजेट दीड कोटी डॉलरच्या आत होतं असं दिग्दर्शकानंच सांगितलंय. ‘कल्की’चा आकडा सहाशे कोटी रुपये सांगतात. बरं, खरी वस्तू वापरली म्हणजे वजन येतं असंही नाही. ‘कल्की’तली ती बुज्जी गाडी खरोखर बांधली होती, महिंद्रा आणि कोइमतूरच्या जयेम ऑटोमोटिव्हच्या मदतीनं, सहा टनांची. पडद्यावर मात्र ती खेळण्यातली वाटते. दिवाणावरून उडी मारायला लावतो ना आपण गाडीला लहानपणी, तशी.

माझी यादी: ‘ड्यून’ला वजन आहे. ‘फ्युरिओसा’ला बहुतेक वेळ आहे. ‘मिशन इम्पॉसिबल’च्या शेवटच्या भागाला अर्धा सिनेमा आहे. ‘कल्की’त फक्त अमिताभला आहे. तुमचं काय म्हणणं?

—

गप्पिष्ट:

आला, ‘कल्की’ला नावं ठेवणारा महिन्याचा धागा आला. 😄

अहो, सिनेमा आहे तो. आम्ही गावच्या एकपडदा थेटरात पाहिला. बुज्जीचं रूप बदलतं तिथे मागच्या रांगेतून जी शिट्टी आली ती अजून कानात आहे. वजनकाटा घेऊन बसलं की सगळंच हलकं लागतं. आणि जपान्यांनी केलं की कला, आपण केलं की खेळणं, हेही ओळखीचं झालंय आता.

—

आडगल्ली:

गप्पिष्ट, शिट्टी मीही मारली असती. पण शिट्टी गाडीला होती की प्रभासला?

—

खडूफळा:

तीस वर्षं अकरावी-बारावीला पदार्थविज्ञान शिकवलं. निवृत्त झालो तरी खडू सुटत नाही, तेव्हा सांभाळून घ्या.

आडगल्ली, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर घड्याळात आहे. ‘मायनस वन’मधला गॉडझिला सुमारे ५० मीटर उंच आहे. म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारत. तेवढ्या उंचीवरून दगड सोडला तर जमिनीवर यायला सव्वातीन सेकंदांच्या आसपास लागतात. टेबलावरून खडू पडतो त्याला अर्ध्या सेकंदाहून कमी. आपल्या डोळ्याला गणित येत नाही, पण हा फरक जन्मापासून पाठ असतो. एखादी प्रचंड वस्तू चटकन पडली, चटकन वळली, की डोळा म्हणतो हे लहान आहे, कॅमेरा जवळ नेलाय. मोठ्या गोष्टीला उशीर लागतो. तो उशीर दाखवला की वजन आपोआप येतं.

१९५४ च्या मूळ ‘गॉडझिला’त रबरी पोशाखातला माणूस आणि साधारण पंचविसाव्या हिश्शाची शहराची प्रतिकृती होती. हे मोठं भासवायचं तर कॅमेरा जास्त वेगानं चालवायचा आणि नेहमीच्या वेगानं दाखवायचं. किती जास्त? प्रमाणाच्या वर्गमुळाइतका. पंचविसाचं वर्गमूळ पाच, म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२० फ्रेम. हा हिशेब मी वर्गात कितीदा तरी घेतलाय. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी व्हायची.

आता माणसं. ‘कल्की’त (आणि मार्व्हलमध्येही, एकट्या ‘कल्की’ला कशाला धरायचं) माणूस ठोसा खाऊन शंभर फूट उडतो आणि लगेच उठतो. मारणारा मात्र जागचा हलत नाही. न्यूटनचा तिसरा नियम सिनेमावाल्यांनी ऑप्शनला टाकलेला दिसतो.

(प्रामाणिकपणे: गॉडझिलाही शास्त्रात बसत नाही. उंची दहापट केली तर वजन हजारपट होतं आणि हाडांचा छेद शंभरपटच. पहिल्या पावलाला मांडीचं हाड मोडायला हवं. पण मोडणारं हाड घेऊन तो इतक्या डौलानं चालतो की मी गप्प बसलो.)

—

चुकार_ढग:

सर, “न्यूटन ऑप्शनला टाकला” 🤣 वहीत लिहून घेतलं.

—

रोटोवाली:

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलंय, फक्त या धाग्यासाठी.

मी व्हीएफएक्समध्ये आहे, म्हणजे सिनेमातली संगणकावर घडवलेली दृश्यं, अकरा वर्षं. सुरुवात सगळ्यांसारखी रोटोनं. रोटो म्हणजे हिरोला मागच्या पडद्यापासून कापून वेगळं करायचं, फ्रेम बाय फ्रेम. सेकंदाला २४ फ्रेम. केस मोकळे असतील तर हिरॉइनच्या सात पिढ्या उद्धरल्या जातात. हॉलिवूडच्या मोठमोठ्या सिनेमांचं हे काम मुंबई, चेन्नई, हैदराबाद, पुण्यात होतं. तेव्हा “आपण” आणि “ते” असं काही नसतं हो गप्पिष्ट. आपणच असतो दोन्हीकडे.

तुम्ही ज्याला वजन नाही म्हणताय त्याला आमच्यात “फ्लोटी” म्हणतात. शॉट परत येतो, शेरा एका शब्दाचा. पाऊल टेकलं पण माती दबली नाही, सावली पावलाला चिकटली नाही, कपड्याची घडी एक क्षण मागे राहिली नाही, की झालं फ्लोटी. हे सगळं दुरुस्त करता येतं. वेळ असेल तर.

वेळ नसतो तो का, हे सांगते. एका हिंदी सिनेमात (नाव नाही सांगणार, पोट आहे) माझ्याकडे पूल कोसळायचा शॉट होता. सहा आठवडे त्यावर होते. प्रदर्शनाला अठरा दिवस असताना निरोप आला की पूल रात्री नाही, दिवसा कोसळायला हवा. का तर गाण्याशी जुळत नव्हतं. रात्रीचा प्रकाश वेगळा, धूळ वेगळी दिसते, सगळं नव्यानं. आम्ही तीन रात्री ऑफिसात झोपलो. थेटरात तो पूल थर्माकोलसारखा पडला. शेजारचा मुलगा हसला. मी पण हसले. काय करणार.

आता ‘मायनस वन’. दिग्दर्शक ताकाशी यामाझाकी स्वतःच व्हीएफएक्स सुपरवायझर होता. टीम ३५ जणांची, ६१० शॉट, सगळे एका छताखाली. दिग्दर्शक उठून तुमच्या खुर्चीमागे येतो, बघतो, हो किंवा नाही म्हणतो. तुम्हाला कल्पना नाही ही केवढी चैन आहे! आमच्याकडे “नाही” यायला चार ईमेल आणि दोन टाइमझोन लागतात. त्यांच्या टीममधल्या एका पंचविशीच्या मुलानं पाण्याचं सिम्युलेशन केलं, म्हणजे संगणकात खऱ्यासारखं हलणारं पाणी, आणि तो दिग्दर्शकाबरोबर ऑस्कर घ्यायला स्टेजवर उभा होता. गॉडझिलाच्या पायांसारख्या टाचांचे बूट घालून आले होते सगळे. मी ते पाहून रडले आणि नवऱ्यानं विचारलं, कोण गेलं?

‘ड्यून’बद्दल एक. पहिल्या भागात त्यांनी हिरव्या-निळ्या पडद्यांऐवजी वाळूच्या रंगाचे पडदे लावले. हिरवा पडदा गालावर, कपड्यावर हिरवी झाक मारतो. मग ती आम्ही काढत बसतो आणि त्या नादात खरा प्रकाशही निघून जातो. वाळूच्या रंगाच्या पडद्यावरून उजेड परतला तर तो वाळूवरून परतल्यासारखाच दिसतो. नटाच्या चेहऱ्यावर वाळवंट आधीच असतं. तिथं मोठं काम डीएनइजी या व्हीएफएक्स कंपनीचं होतं आणि त्यांचे स्टुडिओ भारतातही आहेत. दोन्ही भागांना व्हीएफएक्सचं ऑस्कर मिळालं.

—

तिन्हीसांज:

रोटोवाली, तू इतके दिवस कुठे होतीस? वेगळा धागा काढ ना यावर.

—

गप्पिष्ट:

रोटोवाली ताई, मान गये. थर्माकोलचा पूल वाचून वाईट वाटलं. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळा दोष संगणकाचा नसतो. ‘मिशन इम्पॉसिबल’चा तो शेवटचा भाग, ‘फायनल रेकनिंग’ घ्या. टॉम क्रूझ खऱ्या विमानाच्या पंखाला लटकतोय, दक्षिण आफ्रिकेत, खऱ्या हवेत, गालाची कातडी कानापर्यंत गेलीये. तरी मला पहिल्या तासात घरी जावंसं वाटत होतं. जो येतो तो टॉमला सांगतो की तूच एकमेव आहेस. कळलं हो, तिकीट त्याच्याच नावावर काढलंय.

—

आडगल्ली:

गप्पिष्ट, इथे टाळी. म्हणूनच अर्धा म्हटलं. पण त्यातला पाणबुडीचा भाग? बुडालेली पाणबुडी उतारावर गडगडत चाललीये, आतलं पाणी इकडून तिकडे, टॉर्पेडो रॅकमधून सुटून घरंगळतायत. कोणी एक शब्द बोलत नाही. सेट खरोखर फिरता बांधला होता. मी श्वास धरून होतो. खडूफळा सरांचा उशीर तिथे दिसतो. टॉर्पेडो आधी हलतो, मग थांबल्यासारखा होतो, आणि मग येतो.

—

सातपुडा_सात:

आमच्या नंदुरबारकडून एक भर.

अश्वत्थाम्याला वजन का आहे विचारताय? आमच्याकडे तो अजून फिरतो म्हणून. धनत्रयोदशीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा असते, सातपुड्यात, धडगाव तालुक्यात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामाच. मी २०११ ला गेलो होतो. रात्री चालायचं, बॅटरीच्या उजेडात पुढच्याची टाच तेवढी दिसते. आजी सांगायची, डोंगरात वाट चुकलास आणि एखादा उंच माणूस जखमेला तेल मागताना दिसला तर भिऊ नकोस, तो वाट दाखवतो. मी चुकलो नाही. थोडा चुकायला हवा होतो असं अजून वाटतं.

सिनेमात गुहेतून तो आठ फुटी म्हातारा पट्ट्या गुंडाळलेला बाहेर येतो. थेटरात बाकीच्यांना अमिताभ दिसला असेल. मला भीती वाटली. आडगल्ली, तुमच्या आईला जाग आली ती याचमुळे आली असणार. सहाशे कोटींतले शून्य रुपये त्या जखमेवर खर्च झालेत, ती आयती मिळालेली आहे.

आणि म्हणूनच रागही येतो. कपाळावर भळभळती जखम घेऊन युगानुयुगं जगणारा माणूस हातात असताना विनोदी हाणामारी कसली दाखवता?

—

खडूफळा:

सातपुडा, प्रतिसाद आवडला. माझ्या उत्तराचं उरलेलं निम्मं तुम्ही लिहिलंत.

—

सिडनीकरीण:

‘फ्युरिओसा’वर कोणीच बोलत नाहीये म्हणून.

त्याच मॅड मॅक्स मालिकेतला आधीचा ‘फ्युरी रोड’ मुळात इथेच, ऑस्ट्रेलियात ब्रोकन हिलला करायचा होता. नेमका धो धो पाऊस पडला आणि वाळवंटात फुलं आली. जगबुडीनंतरचं भकास जग दाखवायचंय आणि जिकडे तिकडे रानफुलं! मग गेले नामिबियात. ‘फ्युरिओसा’ मात्र इथल्याच मातीत झाला. आम्ही मुलांना घेऊन सिल्व्हरटनला गेलो होतो, तिथे मॅड मॅक्सचं छोटंसं संग्रहालय आहे. गंजक्या गाड्या उन्हात तापलेल्या. धाकट्यानं एकीला हात लावला आणि चटका बसला. तेच वजन बहुतेक.

ट्रकवरचा पंधरा मिनिटांचा हल्ला आठवतोय? त्याला ७८ दिवस लागले. आणि तो बघताना एकदाही प्रश्न पडत नाही की कोण कुठे आहे. ट्रकच्या खाली कोण, वर कोण, डावीकडून कोण येतंय. बाकी ॲक्शनमध्ये मला हेच कळत नाही, दर सेकंदाला कट आणि नुसतं ढिशूम. तरी ‘फ्युरी रोड’शी तुलना केली तर यात संगणक जास्त दिसतो, तेही खरं. आणि डिमेंटस या व्हिलनची बडबड थोडी कमी चालली असती.

सिनेमा पडला हो. सुमारे १७ कोटी डॉलर खर्च आणि जगभरची कमाईही जेमतेम तेवढीच. आम्ही गेलो तेव्हा थेटरात नऊ माणसं. त्यातले चार आम्ही.

—

चुकार_ढग:

‘प्रेडेटर: बॅडलँड्स’ कोणी पाहिला का? कंबरेखालचा भाग नसलेली यंत्रकन्या पाठीवर बांधलेली, ती अखंड बोलतेय आणि तो घुम्या शिकारी चालतोय. चांदोबा वाचलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत कळतं की हा विक्रम-वेताळ आहे. फक्त प्रश्नाचं उत्तर दिलं तरी वेताळ झाडावर जात नाही.

—

तिन्हीसांज:

विक्रम-वेताळ! आता दुसरं काही दिसणारच नाही मला.

—

मधली_ओळ:

सगळे मोठ्या वस्तूंबद्दल बोलताहेत. मी छोट्या जागेबद्दल बोलते. ‘किल’, २०२४. रेल्वेचा डबा, दोन बर्थमधली ती एक माणूस मावेल एवढी वाट, आणि चाळीसेक डाकू. मुक्का मारायला हात मागे न्यायलासुद्धा जागा नाही. ज्यांनी साइड लोअरवर रात्र काढलीये त्यांना त्या डब्याची रुंदी खांद्यांत ठाऊक असते. हिरोचा खांदा शिडीला आपटला की आपला दुखतो.

पण मला ते आठवत नाही. मला आठवतात ते डाकू. सगळे एकाच गोतावळ्यातले आहेत, काका, पुतणे, भाऊ. एक मेला की दुसरा थांबतो, बसतो आणि रडतो. अक्षरशः गळा काढून. व्हिलनच्या टोळीतला माणूस मेला आणि कोणी रडलं, असं आपल्या सिनेमात कधी पाहिलंय? एरवी ते मोजायला असतात. इथे प्रत्येक प्रेताला कोणीतरी आहे. अर्ध्या सिनेमानंतर मला हिरोचीच भीती वाटायला लागली.

आडगल्ली, वस्तू जड असायची गरज नाही. मेलेला माणूस जड असला पाहिजे.

(अतिशय हिंसक आहे. जेवताना लावू नका. मी लावला होता.)

—

गप्पिष्ट:

+१. ‘किल’बद्दल वाद नाही. त्यातला राघव जुयाल! नाचणारा पोरगा म्हणून ओळखत होतो, घाम फुटला.

—

शिळोप्याचा:

दरवेळचा प्रश्न: मराठीत असं का होत नाही?

—

खडूफळा:

नारळीकर सरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘नारायण विनायक जगताप’ नावानं विज्ञानकथा पाठवली होती. आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. म्हणजे कागदावर आपण केव्हाच सुरुवात केली. पडद्यावर २०१६ चा ‘फुंतरू’ आठवतो, होलोग्रामच्या प्रेमात पडणारा मुलगा. धाडस होतं. पैसे नव्हते आणि प्रेक्षकही नव्हते, मीसुद्धा टीव्हीवर पाहिला. तेव्हा दोष कोणाला देऊ?

—

शिळोप्याचा:

पण सर, मल्याळमला जमतंच ना. २०२५ चा ‘लोका’ बघा, यक्षीची लोककथा उचलली, आजच्या बंगळुरूत आणून ठेवली. हिंदीच्या मानानं खर्च किरकोळ आणि चालला किती! आपल्याकडे अस्तंबा पडून आहे आणि त्यावर सिनेमा तेलुगू लोक करतात.

—

सातपुडा_सात:

पडून नाही, फिरतोय. 🙂 पण मुद्दा मान्य.

—

रोटोवाली:

कोणी करणार असेल तर रोटो मी फुकट करीन. फक्त अश्वत्थाम्याचे केस मोकळे ठेवू नका.

—

आडगल्ली:

धागा वर काढतोय, कारण रविवारी प्रयोग केला.

आईला ‘मायनस वन’ दाखवला. जपानी, इंग्रजी सबटायटल. ती वाचत नाही, मी शेजारी बसून मोठ्यानं सांगत होतो. गॉडझिला पहिल्यांदा येतो तेव्हा म्हणाली, “पाल आहे का?” बोटीच्या प्रसंगाला मी तिच्याकडेच बघत होतो. जागी होती, पण फारशी घाबरली नव्हती. टोकियोच्या गिंझा भागात इमारती पडल्या तेव्हा उठून गॅस बंद करून आली. सर, माफ करा, तुमचे सव्वातीन सेकंद वाया गेले.

पण सुरुवातीला तो प्रसंग आहे बघा. युद्ध संपलंय, शहर जळून गेलंय, शेजारणीची स्वतःची मुलं गेलीयेत. हा सैनिक जिवंत परत आला म्हणून ती त्याला वाट्टेल तसं बोलते. आणि मग पोरकं तान्हं बाळ पाहून धुसफुसत, शिव्या घालत, स्वतःजवळचे पांढरे तांदूळ आणून देते. पेज करून घाल म्हणते.

तिथे आईनं मला रिमोट मागितला. मागे घेऊन परत पाहिलं. मग म्हणाली, “माझ्या आजीनं दुष्काळात असेच दिले होते शेजारी. शिव्या देतच दिले होते.” ही गोष्ट मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो.

पुढचे दोन तास ती झोपली नाही. समुद्रावरची शेवटची लढाई चालू होती, बोटींची रांग, दोर, पाण्याखालचे बुडबुडे, मी खुर्चीच्या टोकावर. आणि ती मधूनमधून एकच विचारत होती, “ती शेजारीण कुठाय? पोरीपाशी कोण आहे आत्ता?”